दोघांचा एक जुलै

२८ जून, शनिवार

बाई,

हे पत्र रीताचं आहे. अक्षर तू ओळखशीलच, तरी सांगते, कारण एकोणीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. बाच्या तेरवीला मी एकटीच आले होते, आपण एकाच मांडवात होतो. तू माझ्या पानात भात वाढलास आणि पुढच्या पानाकडे गेलीस, सख्ख्या बहिणीला नव्हे, कोणा पाहुणीला वाढावं तसं. त्यालाही आता आठ वर्षं होतील.

मोठी अक्षरं काढते आहे. तुझं वाचन चौथीपर्यंतचं असलं तरी बोट ठेवून चालतं, मला ठाऊक आहे. मनसारामभाऊजींना वाचायला देऊ नकोस. यातल्या काही गोष्टी फक्त तुझ्यासाठी आहेत. भाषा शाळेतली वाटेल. समोर असतीस तर आपल्याच बोलीत बोलले असते, पण पेन हातात आला की गुरुजींची मराठी येते, काय करू.

मी भद्रावतीत नाही. अमर आणि मी इटलीत आलो आहोत. हसू नकोस. पोरीनं, दिव्यानीनं बोलावलं. ती तीन वर्षांपासून इथं पेरुजा नावाच्या गावात आहे. आधी शिकली, आता पिकांवरच्या किडींच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिनं आमच्यासाठी डोंगरउतारावरचं एक शेतघर घेतलं आहे, बारा दिवस. आजूबाजूला ऑलिव्हची झाडं, खाली मोठं तळं. ही आमची वाढदिवसाची सहल आहे. दोघांची एकच, कारण दोघांच्याही पासपोर्टवर एक जुलै आहे.

विमानतळावरच्या माणसानं दोन्ही पासपोर्ट शेजारी धरून पाहिले आणि आमच्याकडे बघून हसला. त्याला वाटलं असेल, काय योग आहे. त्याला कुठे माहीत की अमरच्या वर्गात एकवीस पोरं एक जुलैची होती आणि आपल्या गावात तर दादाजी गुरुजींनी अख्खी पिढी एकाच दिवशी जन्माला घातली. तूच मला शाळेत घेऊन गेली होतीस. चौदा वर्षांची होतीस. माय जाऊन तीन वर्षं झाली होती. गुरुजी म्हणाले, "जन्मतारीख?" तू म्हणालीस, "धानाच्या रोवण्याच्या आधीची हाय जी." गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं, "एक जुलै," म्हणाले आणि लिहून टाकलं. बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, "खुश ना आता?" तारीख म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, पण काहीतरी मिळालं होतं खरं.

आज इतकंच. पत्र टाकीन की नाही, माहीत नाही.

रीता


३० जून, सोमवार

बाई,

या घराची मालकीण रोझेल्ला म्हणून आहे. सत्तरीची, एकटी, पाठीत जरा वाकलेली. तिला आपलं काही कळत नाही, आपल्याला तिचं. ती मोबाईलमध्ये बोलते आणि मोबाईल ते हिंदीत सांगतो. अमर म्हणतात, "या बाईच्या फोनात एक मास्तरीन बसून हाय, दिवसभर धडा वाचून राह्यली."

पहिल्या दिवशी जेवायला पाव, टमाटे, पानं आणि वरून तेल. अमर माझ्याकडे वाकून म्हणाले, "रीता, हे काऊन कोरडंच दिऊन राह्यले? वरण कुठी हाय?"

"हळू बोला."

"तिले कुठी समजते!"

टेबलावरचा फोन चालू होता. अर्ध्या मिनिटानं त्यानं काहीतरी इटालियनमध्ये सांगितलं आणि रोझेल्ला पोट धरून हसली. आत गेली, घेवड्याच्या दाण्यांचं पातळ कालवण घेऊन आली. वरण नव्हतं, पण वाटी होती. अमरनी दोनदा घेतलं. आता रोज दुपारी ती वाटी त्यांच्याच पुढे ठेवते आणि "वारण" म्हणते.

काल सकाळी आम्ही तळ्यावर उतरलो. बाई, हे तळं आपल्या तलावाच्या पन्नासपट असेल, पण त्याला पाळ नाही. कोणी बांधलेलं नाही, आपलं आपण साचलेलं. काठावर मासे धरणाऱ्यांची संस्था आहे, अगदी आपल्यासारखी. सकाळी नावा येतात. एक बाई रबरी बूट घालून काट्यावर मासोळी मोजते आणि नावा घेऊन येणाऱ्यांवर ओरडते. ती काय ओरडत होती ते मला शब्द न कळता कळलं. ओलं जाळं, पाणगवत, खवले, सगळा वास एकदम आला आणि माझे पाय तिथंच राहिले. अमर पुढे गेले होते. परत येऊन म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

भद्रावतीला मी बाजारात मासोळी घेते. तिचा वास येतोच. तेव्हा असं कधी होत नाही. एवढं दूर आल्यावर झालं.

तुला आठवत असेल, दिव्यानी आठ महिन्यांची होती. मला एटापल्लीपलीकडच्या उपकेंद्रात नर्सची नेमणूक मिळाली होती. पावसाळ्यात चार महिने नाल्यांनी रस्ता तुटायचा, रात्री दिवा नाही, आणि अमर माजरीला खाणीत तीन पाळ्यांत. मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. तू ओसरीत मासोळी साफ करत होतीस. हात धुतलेस, पोरगी माझ्या मांडीवरून उचललीस आणि म्हणालीस, "तू नौकरी कर. एका पोरीले तं वाढवलंच हाय मी, दुसरी काई जड नाई."

ती एक पोरगी मी होते. तुला स्वतःचं मूल नव्हतं, हे तू तेव्हा बोलली नाहीस. मीही नाही.

दोन-दोन महिन्यांनी मी यायची. सिंदेवाहीला एसटीतून उतरून, मिळेल त्या गाडीनं. दिव्यानी दारात असायची आणि मला पाहून तुझ्या लुगड्याआड जायची. तुला ती माय म्हणायची आणि मला मावशी. सगळं घर हसायचं. तूही हसायचीस, मग तिला दटावायचीस, "मावशी नोको म्हनू, आई म्हन." मीही हसायची.

उद्या ती येते आहे. चार दिवसांची सुट्टी काढली आहे, पुढे शनिवार-रविवार.

रीता


१ जुलै, मंगळवार

बाई,

आज मी कागदावर सत्तेचाळीस वर्षांची झाले. अमरही.

रोझेल्लानं अंगणात टेबल मांडलं होतं. केक एकच, त्यावर बदामांनी दोन नावं. अमरच्या नावात एक अक्षर कमी होतं, बदाम संपले म्हणे. तिची एक मैत्रीण आली होती, तिला पत्रिकेचं फार वेड. तिनं आमच्या जन्माची वेळ विचारली. दिव्यानी हसत सुटली आणि तिनं दोघींना गुरुजींची गोष्ट सांगितली. त्या दोघी आधी थक्क झाल्या, मग त्यांना वाईट वाटलं. म्हणजे तुमचा वाढदिवस खरा नाहीच? खरा दिवस कोणाला माहीत आहे?

दिव्यानीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्या बहिणीला."

दिव्यानी आता तुझ्यासारखी दिसते. रंग अमरचा, पण बोलताना डोकं एका बाजूला करते, तसंच. मी हे तिला कधी सांगितलं नाही.

मग रोझेल्लानं तिला विचारलं की तुला आठवणारा तुझा पहिला वाढदिवस कोणता. दिव्यानी सुरी हातात धरून बसली. आधी त्यांच्या भाषेत बोलली, मग माझ्याकडे वळून मराठीत. म्हणाली, "मी पाटावर बसलेय. ताटात कणकेचे दिवे आहेत. कोणीतरी कपाळाला कुंकू लावतंय. बोट ओलं आहे आणि त्याला मासोळीचा वास येतोय. ती मोठी माय होती ना, आई?" तुला ती आता मोठी माय म्हणते.

"हो."

"चेहरा आठवत नाही. बोट आठवतं." मग म्हणाली, "तिनं येणं का सोडलं गं?"

"सांगितलं होतं ना तुला."

"हो. वेळ नसायचा तिला." एवढं म्हणून तिनं केक कापला. पहिला तुकडा मला दिला, दुसरा बापाला. अमर ताटलीकडे पाहत राहिले.

संध्याकाळी इथं नऊपर्यंत उजेड असतो. आम्ही दोघं झाडांमधून चालत होतो. अमर म्हणाले, "रीता, आता तरी सांग तिले."

"तुम्ही काऊन नाई सांगत?"

"मी सांगितलं तं पोरगी तुह्याच तोंडाकडे पाहीन. तूच सांग."

"अन् ते मले सोडून गेली तं?"

अमर एका झाडाची साल हातानं खरवडत उभे राहिले. या माणसानं एकोणीस वर्षांत मला एकदाही बोल लावला नाही, आणि ते मला नेहमी सोयीचं वाटत आलं.

रीता


२ जुलै, बुधवार

बाई,

तिला सांगण्याआधी तुला सांगते. तुला बरंचसं माहीत आहे, पण माझ्या तोंडून नाही.

सन दोन हजार सहा. माझी बदली माजरीजवळ झाली होती, खाणीचं क्वार्टर मिळालं होतं. मी तुला निरोप धाडला की शाळा सुरू व्हायच्या आधी दिव्यानीला न्यायला येते. तू उलट निरोप दिलास, "ये. पन चार दिवस राहून ने, पोरीले सवय होऊ दे." त्यात वावगं काही नव्हतं. तरी मला राग आला. माझी पोर आणि मी परवानगीनं न्यायची?

मी मुद्दाम जाळं ओढण्याचा दिवस धरला. तलाव आटलेला, सारं गाव पाण्यात, तू कमरेएवढ्या चिखलात. तेव्हा घरात कोणी नसणार, हे मला माहीत होतं. त्याच घरात वाढले मी. दिव्यानी ओसरीवर एकटी बसली होती, धुतलेला फ्रॉक घालून. मी विचारलं, इथं काय करते? म्हणाली, "मायनं सांगितलं हाय, जाळं काठाशी आलं का हाक मारतो. मंग जायचं." पहिली मासोळी पोराच्या हातानं उचलायची आपल्या घरची रीत. त्या वर्षी तिची पाळी होती.

मी म्हटलं, "चल, बाबाच्या फटफटीवर चक्कर मारू."

ती हरखून अमरच्या पाठीमागे बसली, मी तिच्या मागे. फाटा ओलांडला तेव्हा म्हणाली, आता परत फिरवा, माय हाक मारेल. मी तिला घट्ट धरलं. ती म्हणाली, "माय कुठी हाय?" मी म्हटलं, "मी हो तुही माय." बाई, त्यावर ती ओरडली नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माजरीपर्यंत एक शब्द बोलली नाही.

तू पाळेवरून किती वेळ हाका मारल्यास, ते मला नंतर इसरूकाकीनं सांगितलं. लोकांनी जाळं तसंच धरून ठेवलं होतं म्हणे. तू म्हणालीस, माझी पोर आल्याबिगर कोनी हात लावाचा नाई.

ती महिनाभर तुला मागत होती. मी सांगायची, मोठी माय येणार आहे. मग सांगू लागले, तिला वेळ नाही. मग सांगितलं, तिला आता तू नको आहेस. हो, हेही सांगितलं. एकदाच, पण सांगितलं. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं आणि मला वाटलं, जिंकले.

आणि तू आली होतीस. कार्तिकात, पिशवीत उकडलेले शिंगाडे घेऊन. माजरीचं क्वार्टर विचारत विचारत. तू दारातच विचारलंस, "दिव्यानी कुठी हाय?" मी म्हटलं, आजीसोबत राजुऱ्याला गेली.

ती दोन क्वार्टर सोडून ज्योत्स्नाच्या अंगणात लंगडी खेळत होती. तू पाणी प्यायला बसलीस आणि तिचा आवाज आला. मोठ्यानं भांडत होती, "मी बाद नाई! मी बाद नाई!" तुझा हात तांब्यावर थांबला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. तू तांब्या खाली ठेवलास, पिशवी दाराच्या आत सरकवलीस आणि म्हणालीस, "जातो मी. गाडी हाय."

तू अंगणात जाऊ शकली असतीस. तिला नुसती हाक मारली असतीस तरी ती आली असती. मला ते माहीत होतं आणि तुलाही. का मारली नाहीस? इतक्या वर्षांत हा एक प्रश्न मी रोज तुला विचारते. उत्तरही मला ठाऊक आहे, म्हणून तुझ्यापुढे यायची हिंमत होत नाही. तिला दोघींच्या मध्ये उभं करायचं नव्हतं तुला.

रीता


५ जुलै, शनिवार

बाई,

परवा सांगितलं.

सकाळी तळ्यावर गेलो होतो, आम्ही दोघीच. नावा आल्या होत्या. मी बोलायला सुरुवात केली ती त्या काट्यावरच्या बाईकडे बघत, दिव्यानीकडे नाही. ओसरी, फ्रॉक, फटफटी, सगळं. मध्ये थांबले की ती म्हणायची, "पुढे." तुझ्यासारखीच.

मी माजरीचं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "ती आली तेव्हा मी कुठे होते?"

"ज्योत्स्नाच्या अंगणात. खेळत होतीस."

"आवाज येत होता?"

"हो."

"म्हणजे तिनं मला ऐकलं."

मी मान हलवली. ती रडली नाही, माझ्यावर चिडलीही नाही. चिडली असती तर मला बरं झालं असतं. उठली आणि पाण्याच्या कडेनं लांबपर्यंत चालत गेली. परत आली तेव्हा बूट हातात होते. म्हणाली, "तिचा नंबर दे."

"माझ्याकडे नाही."

"एकोणीस वर्षं तुझ्याकडे तिचा नंबर नाही?"

"नाही."

"मला वाटायचं, माझ्यात काहीतरी असेल," ती म्हणाली. "म्हणून ती आली नाही. इथं आले तरी वाटायचं. कोणी फोन नाही उचलला, तरी तेच वाटायचं."

मी नर्स आहे, बाई. माणसाला कुठे दुखतं ते मला बोट लावून कळतं, असं लोक म्हणतात. माझ्याच घरात मला कळलं नाही.

दुपारी तिनं लॅपटॉप उघडला. ती उद्या निघते आहे, रोमवरून दिल्ली, तिथून नागपूर. अमरनी विचारलं, "आम्ही बी चलतो ना बेटा?" ती म्हणाली, "नाही बाबा. तुम्ही दोघं इथंच राहा. मी एकटी जाणार."

मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, "ते तिथं गेल्यावर ठरेल."

आमचं परतीचं तिकीट नऊ तारखेचं आहे, ते बदलत नाही. म्हणजे चार दिवस आम्ही दोघं या घरात, वाढदिवसाच्या सहलीला. रोझेल्लाला काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी झालं हे कळलं. तिनं फोन बाजूला ठेवला आणि माझा हात धरून बसली. अमर सारखे उठून रस्त्यापर्यंत जातात आणि परत येतात. मी विचारलं, काय पाहता? म्हणाले, "काई नाई. गाडी कुठून वळते ते पाहून ठेवतो."

ही सगळी पत्रं मी तिच्या पिशवीत देते आहे. ती म्हणाली, "वाचू?" मी म्हटलं, ती बाईची आहेत. बाईनं दिली तर वाच. तेव्हा दाखवायची की चुलीत घालायची, ते तुझ्याकडे.

ती सिंदेवाहीला आठ तारखेला दुपारपर्यंत पोचेल, म्हणजे हे तू वाचशील तेव्हा ती तुझ्या घरात असेल. आधी निरोप धाडला नाही, ती विचारत विचारत येणार आहे; तिला तसंच यायचं आहे. थकलेली असेल. दोन-तीन दिवस कमी बोलेल, ती तशीच आहे. तुझ्यावर रागावली असं समजू नकोस. भात खाते, मासोळी खाते, काटे काढायला मात्र विसरली आहे. पाण्यात उतरते म्हणाली तर उतरू दे. कामावर तिला परत कधी जायचं ते तिचं तिला ठरवू दे. मी फोन करणार नाही. मी तिच्यामागे येणार नाही. तू बोलावशील तेव्हा येईन, आणि बोलावलं नाहीस तर तेही मला समजेल.

अमर म्हणतात, बाईले माफी मागतो असं लिहिलं का? मी म्हटलं, नाही. माफी मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल. मला तुझ्याकडून आता काही घ्यायचं नाही.

एकच आहे. तिला तुला काय म्हणायचं ते कळणार नाही. मोठी माय म्हणेल, मावशी म्हणेल, सुरुवातीला काहीच म्हणणार नाही. पण एखाद्या दिवशी, तू पाठमोरी असताना, तिच्या तोंडून आधीसारखं माय निघालं तर थांबू नकोस, तिला दटावू नकोस. ओ दे, बाई.

रीता